वहिनी, तुमची मुलं तर सुटली ना आता डेकेअरमधून?

राजकारणावर मी सहसा इथे लिहीत नाही. फराळाचे फोटो, मुलांचे वाढदिवस, फार तर रेनियरच्या ट्रेकचे चार फोटो, एवढीच माझी वॉल. आजची पोस्ट वेगळी आहे, आणि मोठीही आहे. चहा घेऊन बसा.

२०२२ मध्ये मतपत्रिका ऐन दिवाळीत आल्या. आमच्या घरी ती दोन पाकिटं चकलीच्या डब्याला टेकवून ठेवली होती. फराळाला बोथेल-केनमोरची सात-आठ कुटुंबं जमली होती. कुणीतरी पाकीट उचलून विचारलं, "कुणाला देताय मत?" मी म्हटलं, सिनेटसाठी पॅटी मरे, आणि मुख्य कारण चाइल्ड केअर. तेव्हा नवऱ्याचा एक मित्र हसत म्हणाला, "वहिनी, तुमची मुलं तर सुटली ना आता डेकेअरमधून? धाकटा पुढच्या वर्षी किंडरगार्टनला. आता तुम्हाला काय फरक पडतो? टॅक्स मात्र आपणच भरायचा."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसून विषय बदलला आणि त्याला अजून दोन करंज्या वाढल्या. पण उत्तर गळ्याशी अडकून राहिलं. ते आज लिहितेय.

आधी आमचं गणित सांगते, कारण मी हिशेब ठेवणारी बाई आहे, पोटापाण्यासाठीही तेच करते.

२००८ मध्ये मी इथे एच-फोरवर आले. चार वर्षं नोकरी करता येत नव्हती. २०१२ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं आणि एका छोट्या कंपनीत अकाउंट्सचं काम लागलं. २०१४ मध्ये मुलगी झाली, २०१८ च्या मे महिन्यात मुलगा. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माझा पगार हातात यायचा महिना ३,४०० डॉलर. मुलीची प्रीस्कूलची फी १,३०० आणि तान्ह्या बाळाची सांगितलेली फी १,८५०. बेरीज ३,१५०. उरले अडीचशे. त्यात गाडीचा गॅस आणि दुपारचा डबा विसरले त्या दिवसाचं सँडविच. बरं, १,८५० मोजायची तयारी असूनही जागा नव्हतीच. वेटिंग लिस्टवर नाव टाकायलाही पैसे भरले होते.

मग आपण सगळे जे करतो तेच आम्ही केलं. आईला बोलावलं.

आपल्याकडे हे इतकं सरसकट आहे की त्यात काही विशेष वाटेनासं झालंय. सहा महिने माझी आई, सहा महिने सासूबाई. व्हिजिटर व्हिसाची मुदत हेच आपल्या बाळांचं वेळापत्रक. आई जूनमध्ये आली. तिचे गुडघे दुखायचे, तरी बाळाला खांद्यावर टाकून घरभर फेऱ्या मारायची. बाबा सांगलीत एकटे. "डबा लावलाय, मजेत आहे मी," असं रोज फोनवर सांगायचे.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी फोन आला. सांगलीत पहाट होती. बाबांना हार्ट अटॅक आला होता, शेजारच्या काकांनी रिक्षातून हॉस्पिटलात नेलं होतं. आई तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बाळासाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होती. तिनं फोन ऐकला, गॅस बंद केला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "मग बाळाकडे कोण बघणार गं?"

तिकीट मिळून ती पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला. बाबांची अँजिओप्लास्टी तोवर झाली होती. कन्सेंटवर सही शेजारच्या काकांची. बाबा वाचले, आज ठणठणीत आहेत, ही पोस्टही वाचतील. पण त्या चार दिवसांबद्दल आई कधीच काही बोलली नाही, आणि मी कधी विचारलं नाही. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. दुसरा मार्ग नव्हता. परत कामाला लागायला तीन वर्षं गेली.

आता कुणी म्हणेल, अहो, नवरा इंजिनियर, घर स्वतःचं, तुमचं काय रडगाणं? खरंच आहे. आम्ही निभावलं. ज्यांना निभावता येत नाही, त्यांच्यापैकी एक बाई माझ्या मुलाची टीचर होती.

गेल्या वर्षी मी परत नोकरी धरली आणि मुलाला घराजवळच्या एका सेंटरमध्ये घातलं. त्याची टीचर तिशीतली, शांत, गोष्ट सांगताना जमिनीवर मांडी घालून बसणारी. माझा मुलगा सकाळी माझा हात सोडून तिच्याकडे धावत जायचा. आई म्हणून टोचायचं, पण त्याच भरवशावर मी आठ तास कामात डोकं घालू शकत होते. एकदा पार्किंगमध्ये बोलता बोलता कळलं, तिला स्वतःला दोन वर्षांची मुलगी आहे. मी विचारलं, इथेच असते का? ती म्हणाली, परवडत नाही, माझी आई सांभाळते.

जी बाई दिवसभर आमची मुलं सांभाळते, तिला तिथली फी परवडत नव्हती. तिच्या आईचे गुडघे दुखत होते की नाही, मला माहीत नाही.

या जानेवारीत सेंटरचा ईमेल आला. टीचर सोडून गेली, दुसरी मिळत नाही, मुलाच्या वयाची खोली बंद करतोय. ती एका मोठ्या गोदामात कामाला लागली होती, तासाला चार डॉलर जास्त आणि हेल्थ इन्शुरन्स. तिला कसा दोष देणार? बॉक्स उचलण्याचे पैसे जास्त आणि बाळ उचलण्याचे कमी. मला दुसरी जागा मिळेपर्यंत सहा आठवडे गेले. दिवसा मुलगा आणि रात्री लेजर, असे ते सहा आठवडे.

मला राग सेंटरच्या मालकीणबाईंचा आला होता. इतकी फी घेता, मग टीचरला नीट पगार का देत नाही? मुलाचा दाखला घ्यायला गेले तेव्हा विचारूनच टाकलं. तिनं वही उघडून दाखवली. मी हिशेबनीस, मला वही लगेच कळली.

आपल्या राज्याच्या नियमानुसार सेंटरमध्ये चार तान्ह्या बाळांमागे एक माणूस लागतो. हा नियम बरोबरच आहे, एका माणसाला पाच बाळं आगीतून बाहेर काढता येणार नाहीत. चार बाळांची फी ७,४००. पण सेंटर सकाळी सात ते संध्याकाळी सहा उघडं. अकरा तास एक माणूस कसा पुरणार, म्हणजे दुसरी शिफ्ट आली. मग भाडं, इन्शुरन्स, जेवण, डायपर टाकायची सोय, लायसन्स. शेवटी टीचरच्या हातात उरतं ते किमान वेतनाच्या आसपास. देशभरात २०२१ मध्ये चाइल्ड केअरमधल्या कामगाराचं मधलं वेतन तासाला १३.२२ डॉलर होतं. वॉशिंग्टन राज्याचं २०२२ चं किमान वेतनच १४.४९ होतं.

म्हणजे फी वाढवली तर आई-बाप मरतात. नाही वाढवली तर टीचर मरते. मालकीणबाई काही बंगले बांधत नव्हती. ती म्हणाली, गेल्या वर्षी सरकारी मदत आली नसती तर एकच खोली नाही, सगळंच बंद झालं असतं.

ही मदत म्हणजे मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधले चाइल्ड केअरसाठीचे ३९ अब्ज डॉलर. त्यातले २४ अब्ज खास सेंटर्स चालू ठेवण्यासाठी. ते त्या कायद्यात यावेत म्हणून सिनेटमध्ये जोर लावणाऱ्यांत पुढे होत्या आपल्या पॅटी मरे.

"आपल्या" म्हणते कारण त्या खरंच आपल्या गावच्या. जन्म बोथेलचा, १९५० चा. बोथेलच्या मेन स्ट्रीटवर त्यांच्या वडिलांचं किरकोळ वस्तूंचं दुकान होतं. वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले, पुढे त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला आणि काम सुटलं. घरात सात मुलं. काही महिने कुटुंब सरकारी मदतीवर जगलं. आईनं सरकारी योजनेतून प्रशिक्षण घेतलं आणि हिशेबनीस म्हणून नोकरी धरली. हे वाचलं तेव्हा मी जरा थांबले. सात मुलांची आई, आजारी नवरा, आणि कुणीतरी वेळेवर हात दिला म्हणून अकाउंट्सची नोकरी.

पॅटी मरे स्वतः प्रीस्कूलच्या टीचर. सरकार एक प्रीस्कूलचा कार्यक्रम बंद करायला निघालं म्हणून दोन लहान मुलांना घेऊन त्या ऑलिंपियाला गेल्या. तिथे एका आमदारानं ऐकवलं की तुमच्यानं काही बदलणार नाही, तुम्ही टेनिस शूज घातलेली एक आई आहात फक्त. त्यांनी घरी येऊन हजारो पालक गोळा केले आणि कार्यक्रम वाचवला. मग स्कूल बोर्ड, मग राज्याचं सिनेट, आणि १९९२ मध्ये टेनिस शूजचीच खूण मिरवत अमेरिकेचं सिनेट. या राज्यातून सिनेटवर गेलेल्या त्या पहिल्या महिला.

गोष्ट छान आहे, पण मत काही गोष्टीला द्यायचं नसतं. म्हणून काम बघितलं. २०१७ मध्ये त्यांनी हाऊसमधल्या बॉबी स्कॉट यांच्यासोबत चाइल्ड केअर फॉर वर्किंग फॅमिलीज ॲक्ट मांडला. गाभा दोन ओळींचा: राज्यातल्या मधल्या उत्पन्नाच्या दीडपटीपर्यंत कमावणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला मुलांच्या सांभाळासाठी उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च येऊ नये, आणि सांभाळणाऱ्याला जगता येईल असा पगार मिळावा. मधली तफावत सरकार भरेल. ते बिल पास झालं नाही. पण २०१८ च्या बजेटमध्ये राज्यांना चाइल्ड केअरसाठी मिळणाऱ्या निधीत २.३७ अब्जांची वाढ झाली, तेव्हा वाटाघाटींच्या टेबलावर त्या होत्या आणि तेव्हा बहुमत रिपब्लिकनांचं होतं. २०२१ मध्ये ७ टक्क्यांची कल्पना बिल्ड बॅक बेटरमध्ये आली, नोव्हेंबरमध्ये हाऊसमध्ये पास झाली. सिनेट तेव्हा ५०-५०. डिसेंबरमध्ये जो मॅन्चिन नाही म्हणाले आणि गाडी तिथेच अडली. ऑगस्ट २०२२ मध्ये जो कायदा झाला त्यात हवामान आलं, औषधांच्या किमती आल्या, चाइल्ड केअर गळलं.

एका मतानं. म्हणून एका जागेचं महत्त्व मी सांगायला नको.

हे नवीनही नाही. १९७१ मध्ये देशभर डेकेअरचं जाळं उभं करणारा कायदा दोन्ही सभागृहांत पास झाला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी व्हेटो केला. त्या वर्षी जन्मलेली बाळं २०२२ मध्ये एक्कावन्न वर्षांची झाली, काही जण आजी-आजोबा झाले असतील आणि नातवंडं सांभाळत असतील.

"सात टक्के" वाचल्यावर मी आईला फोन केला. आई सांगलीत टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, मी गल्लीतल्या काकूंच्या पाळणाघरात वाढले. दोन खोल्या, अकरा मुलं, भिंतीला लावलेल्या गोधड्या, दुपारी मऊ भात-तूप. विचारलं, काकूंना महिन्याला किती द्यायचीस? आई म्हणाली, "साठ रुपये. आणि दिवाळीला साडी." आणि तुझा पगार? "असेल आठशे-नऊशे." मी मनात भागाकार केला. सात टक्के!

क्षणभर वाटलं, बघा, सांगलीत १९८५ मध्ये जमलं ते अमेरिकेत २०२२ मध्ये जमत नाही. मग दुसरा हिशेब केला. अकरा गुणिले साठ, सहाशे साठ. त्यात दूध, तांदूळ, रॉकेल आणि मदतीला येणाऱ्या मावशी. काकूंच्या हातात काय उरत असेल? आईला पुढे पेन्शन मिळाली. काकूंना काय मिळालं? दिवाळीची साडी. आमचं सात टक्क्यांत भागत होतं, कारण बाकीचं काकू भरत होत्या.

आपल्याकडची अंगणवाडी बघा. १९७५ पासून चालू आहे, मुलांसाठी सरकारनं काही करायचं ठरवलं तर होतं हे तिनं दाखवून दिलं. पण सेविकेला जे मिळतं त्याला अजून वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान द्यायचा आणि धन कमी द्यायचं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला बोलावं लागलं.

आई, सासूबाई, काकू, सेविका, ती टीचर आणि तिची आई. मुलं सांभाळायचं बिल कुठेच शून्य नसतं. आपण ते भरत नाही तेव्हा दुसरी कुणीतरी बाई भरत असते, आपल्याला पावती दिसत नाही एवढंच. मला ते बिल समोर, टेबलावर आलेलं हवंय, आणि सगळ्यांनी मिळून भरलेलं हवंय. शाळेचं आपण असंच करतो. मूल पाच वर्षांचं झालं की त्याचा खर्च सगळ्या गावाचा आणि चार वर्षांचं असताना मात्र एकट्या आईचा, हे कुठलं शास्त्र?

आता पटण्यासारखे आक्षेप.

एक, २०२२ मध्ये सिनेटमध्ये तीस वर्षं होत आली, मग अजून का झालं नाही? हा प्रश्न मलाही पडतो. तेव्हा वय ७२, सहाव्यांदा उभ्या, बदल हवा असं वाटणं चूक नाही. पण ज्यांनी बिल लिहिलंय, ज्यांना कुठल्या कमिटीत कुठली ओळ घुसवायची हे कळतं, त्यांना एका मतानं हुकलं म्हणून घरी पाठवायचं आणि नव्यानं पाटी कोरी करायची, हे मला परवडणारं वाटत नाही.

दोन, टिफनी स्मायली काही वाईट उमेदवार नव्हत्या. व्यवसायानं नर्स, इराकमध्ये दृष्टी गमावलेल्या नवऱ्यासाठी व्यवस्थेशी झगडलेल्या, तीन मुलांची आई. महागाई आणि गुन्हेगारी हे त्यांचे मुद्दे हवेतले नाहीत, किराणा मीच आणते, मला भाव माहीत आहेत. पण माझ्या घरातली सगळ्यात मोठी महागाई दुधाची नव्हती, १,८५० ची होती. तिच्यावर मला उत्तर हवं होतं, आणि लिहून ठेवलेलं उत्तर मला मरे यांच्याकडे सापडलं.

तीन, "आई घरी असली म्हणजे मूल चांगलं वाढतं." मी तीन वर्षं घरी होते. काही दिवस फार सुंदर होते. ज्यांना घरी राहायचंय त्यांनी जरूर राहावं, त्यात कमीपणा नाही. पण मी राहिले ते निवड म्हणून नाही, वेटिंग लिस्ट म्हणून. त्यातला फरक जिनं अनुभवलाय तिला सांगावा लागत नाही.

चार, ग्रीन कार्डची रांग. तुमच्यापैकी अनेकांसाठी पहिला मुद्दा तोच आहे, आणि ज्यांच्या हातात अजून मतपत्रिकाच नाही त्यांचा तर जास्तच. तो मी क्षुल्लक मानत नाही. फक्त एवढंच म्हणते, रांगेत उभ्या असलेल्यांचीही बाळं त्याच डेकेअरच्या वेटिंग लिस्टवर आहेत.

आणि आता त्या भाऊजींचं उत्तर. हो, आमची सुटली. पुढच्या वर्षी माझी १,३००-१,८५० ची भानगड संपेल. म्हणूनच हे मत दुसऱ्या कुणासाठी तरी देण्याची पहिली संधी आहे. ज्यांची बाळं आज तान्ही आहेत त्यांना लिहायला, भांडायला, फराळाला यायलासुद्धा वेळ नाही. दहा वर्षं हेच चालू आहे: अडचणीत असतो तेव्हा बोलायला वेळ नसतो, आणि वेळ मिळतो तेव्हा आपली अडचण संपलेली असते. म्हणून हा प्रश्न १९७१ पासून तिथेच पडून आहे.

मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२ हा शेवटचा दिवस. रात्री आठच्या आत ड्रॉप बॉक्समध्ये टाका, पोस्टानं पाठवलंत तर त्या दिवसाचा शिक्का हवा, तिकीट लावायची गरज नाही. पाकिटावर सही विसरू नका, गेल्या वेळी आमच्या घरात एकानं विसरली होती, नाव सांगत नाही. रजिस्ट्रेशन राहिलं असेल तर प्रत्यक्ष जाऊन त्या दिवशीही करता येतं.

माझं पाकीट काल बोथेल सिटी हॉलच्या बाहेर टाकलं. धाकट्याला उचलून त्याच्या हातानं टाकवलं. त्यानं विचारलं, "कुणाला पत्र?" मी म्हटलं, "तुझ्या जुन्या टीचरला." तो विचार करून म्हणाला, "मग ती परत येईल?"

ती नाही येणार, हे मला माहीत आहे. पण तिच्या जागी जी येईल, ती टिकावी. आणि पुढच्या वेळी सांगलीहून, नाशिकहून, फलटणहून कुणाची आई इथे आली, तर तिनं नातवंडांशी खेळायला यावं, कामाला येऊ नये.

भाऊजी, करंज्या उरल्यात. या. भांडूही थोडं. पण मतपत्रिका भरून या.